चष्म्याचं नंतर बघू, आधी स्कूटरची चावी बाजूला ठेवा

पत्र थोडक्यात असं : लिहिणारे गृहस्थ ४१ वर्षांचे, डोंबिवलीत राहतात, ठाण्याला एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहेत. त्यांना आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, दृष्टिपटलाचा आजार. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग नजरेचा घेर आत आत येत गेला आणि आता डॉक्टर म्हणतात २० अंश उरलाय. फाइल वाचता येते, कॉम्प्युटरवर काम होतं, पण संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना माणसांवर आदळतात. मागच्या महिन्यात एका बाईंनी "दारू पिऊन चालतात मेले" असं सगळ्यांसमोर सुनावलं, आणि नंतर एकदा केबलसाठी खणलेल्या खड्ड्यात पाय गेला. घरात फक्त बायकोला माहीत आहे, ऑफिसात कुणालाच नाही. दिवाळीला मेहुणा दुबईहून येतोय, तो रे-बॅन मेटाचा कॅमेरावाला एआय चष्मा आणतो म्हणतोय. शिवाय यांनी सेन्सरवाली काठी, व्हायब्रेट होणारे बूट, सगळ्याचे व्हिडिओ बघून झालेत. विचारतात की यातलं नक्की काय घेऊ, फक्त पांढरी काठी सोडून काहीही सांगा, ती हातात आली की संपलंच. आणि शेवटी एक ओळ : "दिवसाचं तसं काही अडत नाही, सकाळी मुलीला शाळेत सोडून स्कूटरनेच स्टेशनला जातो."

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चष्म्याच्या किमती, काठ्यांची मॉडेल्स, तुम्ही फार व्यवस्थित लिहिलंय सगळं, पण मी अडकले त्या शेवटच्या ओळीवर. त्यामुळे तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते, राग मानू नका.

स्कूटर बंद. दिवाळीनंतर नाही, उद्या सकाळपासून.

दोन्ही डोळे मिळून माणसाला साधारण १८० अंशांचं दिसतं, त्यातले तुमच्याकडे २० आहेत. समोरचं स्वच्छ दिसतं म्हणून तुम्हाला वाटतं दिवसा काही अडत नाही, पण आरपीची गंमत (गंमत कसली, वैताग) अशी की जे दिसत नाही तिथे काळा पडदा वगैरे नसतो, मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो आणि माणसाला चित्र पूर्णच वाटत राहतं. म्हणजे उभ्या टेम्पोच्या मागून पळत आलेलं पोर तुम्हाला उशिरा दिसेल असं नाही, ते तुमच्यापुरतं तिथे नसेलच, आणि एकदम चाकापुढे असेल. मागे तुमची मुलगी बसलेली आहे. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये प्रकृतीबद्दल जे प्रश्न असतात ना, त्यात रातांधळेपणा आहे का हा चक्क वेगळा प्रश्न आहे, तो उगाच नाही घातलेला. कुठलाही चष्मा, कुठलंही सेन्सर, कितीही हजारांचं, या एका बाबतीत तुमच्या कामाचं नाही. शेअर रिक्षा करा, शाळेची व्हॅन लावा, बायकोला स्कूटर शिकायची असेल तर क्लास लावा. आता पुढे तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुम्हाला हवंय असं काहीतरी ज्याने नीट चालता येईल आणि कुणाला कळणारही नाही. हे दुसरं जे आहे ना, कळू नये, ते मला जरा तपासून बघावंसं वाटतं. तुमचा समज असा दिसतोय की अजून लोकांना काही कळलेलं नाही. पण त्या बाईंना काहीतरी कळलंच की, फक्त चुकीचं कळलं. ऑफिसातही चार जणांनी पाहिलं असणार की हा माणूस दाराला खांदा घासतो, समोर धरलेला हात दिसत नाही, संध्याकाळी सहानंतर कुणाबरोबर चहाला येत नाही, आणि त्यांनी आपापला अर्थ लावला असणार, कुणी म्हणेल घमेंडी आहे, कुणी म्हणेल पितो. तेव्हा कळावं की कळू नये हा पर्याय तुमच्या हातात राहिलेलाच नाही. खरं कळावं की खोटं, एवढंच ठरवायचं बाकी आहे.

आणि पांढऱ्या रंगाचा जन्मच मुळी दुसऱ्याला कळावं म्हणून झालाय. १९२१ साली इंग्लंडात ब्रिस्टलला जेम्स बिग्ज नावाचे एक फोटोग्राफर होते, अपघातात त्यांची दृष्टी गेली, घराजवळून गाड्या सुसाट जायच्या त्याची भीती वाटायची म्हणून त्यांनी आपली चालायची काठी पांढरी रंगवली, गाडीवाल्यांना दिसावी म्हणून. म्हणजे काठीचं अर्धं काम जमिनीवर चालतं आणि अर्धं समोरच्याच्या डोळ्यात. तुम्ही मागताय ती सगळी यंत्रं फक्त तुम्हाला सांगतात. समोरून घाईत येणाऱ्या माणसाला, रिक्षावाल्याला, त्या बाईंना, कुणालाच काही सांगत नाहीत, आणि डोंबिवली स्टेशनच्या पुलावर साडेसातच्या गर्दीत तुम्ही चुकवण्यापेक्षा त्यांनी तुम्हाला चुकवणं जास्त सोपं आहे.

आता चष्मा. वाईट अजिबात नाही, उलट मला आवडतो. समोरची पाटी, औषधाची बाटली, पत्रावरचा मजकूर वाचून दाखवतो, "समोर काय आहे" विचारलं की वर्णन करून सांगतो, हात मोकळे राहतात. बी माय आईज नावाचं जे ॲप आहे, २०१५ पासून, ज्यात व्हिडिओ कॉलवर कुणी डोळस स्वयंसेवक आपल्याला बघून सांगतो, तेही या चष्म्यावरून वापरता येतं. पण हे सगळं थांबून विचारायचं काम आहे. तुम्ही विचारणार, फोटो जाणार, इंटरनेटवरून उत्तर येणार, यात काही सेकंद जातात आणि तेवढ्यात चालणारा माणूस पाच-सात पावलं पुढे गेलेला असतो, खड्डा असला तर खड्ड्यात. चुकीचं उत्तरसुद्धा ठाम आवाजात येतं हा आणखी एक भाग. ही ॲप्स बनवणारेच सांगतात की रस्ता ओलांडायला किंवा काठीच्या ऐवजी हे वापरू नका. शिवाय तुम्हाला स्वतःला वाचता येतंच आहे, मग आज यातला तुमच्या उपयोगाचा भाग किती? रात्री दुकानाची पाटी शोधणं, बस नंबर, एवढाच. आणि २०२५ च्या मेपासून तो भारतातच मिळतोय, सुरुवातीची किंमत २९,९०० रुपये होती, तेव्हा घ्यायचाच झाला कधी तर इथूनच घ्या, वॉरंटीची कटकट नको. मेहुण्याला यंदा खजूर आणि केशर सांगा.

सेन्सरवाली काठी वेगळी गोष्ट आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. आपल्याकडची जास्त माहीत असलेली म्हणजे आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन, २०१४ साली बाजारात आली, तीन हजारांच्या आसपास किंमत ठेवली होती, तेव्हा परदेशी यंत्रांच्या मानाने फारच स्वस्त. साध्या पांढऱ्या काठीच्या मुठीवर एक डबी बसते, ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते, तो कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते आणि मूठ थरथरते, जवळ असेल तसा थरथरण्याचा प्रकार बदलतो. तीन मीटरपर्यंतचं, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचं कळतं. हे महत्त्वाचं का, तर साध्या काठीची खोड हीच आहे, ती जमिनीवरचं सगळं सांगते पण कमरेवरचं काही सांगत नाही. आणि आपल्या रस्त्यांवर कमरेवर काय नसतं! टेम्पोचा उघडा फाळका, लोंबणारी केबल, बाहेर उघडलेली खिडकी, दुकानाचं शटर अर्धं खाली, झाडाची फांदी.

पण नीट वाचलंत ना, गुडघ्यापासून वर. तुमचा पाय गेला तो खड्डा ती डबी सांगणार नाही, तो खालची साधी काठीच सांगते. म्हणजे स्मार्टकेन हीसुद्धा पांढरी काठीच आहे, वर एक डबी असलेली, आणि डबी उपयोगी पडायला आधी काठी वापरता यावी लागते. गर्दीत तर काय होतं, चारी बाजूंनी माणसं म्हटल्यावर ती सतत थरथरत राहते, हात बधिर होतो, माझे बरेच विद्यार्थी प्लॅटफॉर्मवर ती सरळ बंद करायचे आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर चालू. (मी नोकरीत असताना अंध आणि पार्शल, म्हणजे थोडंफार दिसणाऱ्या, मुलांना काठी घेऊन चालायला शिकवायचे, म्हणून हे इतकं सांगतेय.) बुटांबद्दल फार बोलत नाही, व्हिडिओ छान असतात, पण चार्जिंग संपलं की बूट राहतो, आणि आपल्या पावसाळ्यात काय राहतं ते बघायचं.

फोनवरचा नकाशाही काहीजण सुचवतील. रस्ता कळायला चांगला, पण मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनचा जीपीएस पाचेक मीटर इकडे तिकडे असतो, उंच बिल्डिंगांच्या मधून चालताना आणखी, म्हणजे तुम्ही रस्त्याच्या या बाजूला की त्या हे त्याला माहीत नाही. ऐकायचा असेल तर एकाच कानात इअरफोन, दोन्ही कान भरून चालणं म्हणजे उरलेली नजर पण झाकून घेण्यासारखं आहे. हल्ली विजेवरच्या रिक्षा आणि स्कूटर इतक्या गुपचूप येतात की दोन्ही कान मोकळे असले तरी दचकायला होतं.

आता ती काठी, जी सोडून काहीही सांगा म्हणालात.

पहिलं म्हणजे, ती आंधळ्या माणसाचीच असते हा समज काढा. पार्शल माणसं सर्रास वापरतात, फक्त रात्री, फक्त अनोळखी जागी, फक्त गर्दीत. चार भागांची घडीची काठी मिळते, आत इलॅस्टिक असतं, मिटली की ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी बसते, काहीशे रुपयांत येते. सकाळी काढूच नका हवं तर. संध्याकाळी ठाण्याला ऑफिसच्या गेटबाहेर उघडा, घरी आल्यावर मिटा. लोक म्हणतील, हातात काठी आणि लोकलमध्ये मोबाइल वाचतोय, नाटक करतोय. म्हणतील, खरंच म्हणतात, आरपीवाल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. एक वाक्य तयार ठेवा, "मला समोरचं दिसतं, बाजूचं आणि अंधारातलं दिसत नाही." बस. प्रत्येकाला आजाराचा इतिहास सांगायला तुम्ही बांधील नाही.

दुसरं, ती विकत घेऊन उपयोग नाही, शिकावी लागते. उभं राहून जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत येईल एवढी लांब घ्या, दुकानदार आखूड देतो, घेऊ नका. ही लांब काठीची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी अंध झालेल्या सैनिकांना शिकवताना बसवली, त्याआधी काठ्या आखूड आणि आधाराच्याच होत्या. काठी पोटासमोर मधोमध धरायची, मनगट हलवायचं, खांद्यापेक्षा किंचित रुंद डावी-उजवी टेकवत जायची, आणि उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे, डावा पडताना उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. वाचायला सोपं आहे, करायला गेलं की पहिले काही दिवस हात-पायांचं भांडण होतं. गर्दीत पेन्सिलसारखी उभी, अंगाजवळ धरायची, नाहीतर कुणीतरी पाय देतं आणि वाकते. आणि टोकाला टिप असते, ती बारीक पेन्सिलसारखी घेतलीत तर पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकून पोटात ढोसते, आपल्या फुटपाथांना फिरणारी जाड टिप बरी.

शिकायला मुंबईत अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, वरळीला नॅब आहे, सेंट झेवियर्स कॉलेजात एक्सआरसीव्हीसी आहे, त्यांना फोन करून विचारा की मोबिलिटी ट्रेनिंग (काठी घेऊन चालायचं शिक्षण) कुठे, केव्हा, नोकरीवाल्यांसाठी शनिवार-रविवारी काही जमतं का. पुण्याकडच्यांनी पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनला, नाशिककडच्यांनी तिथल्या नॅबला विचारावं. माझा आग्रह असा की तीसेक हजारांतले एकही न खर्चता आधी हे करा, मग वाटलं तर डबीवाली काठी, आणि मग उरलीच हौस तर चष्मा. या क्रमाने गेलेली माणसं ती यंत्रं खरंच वापरतात. उलट्या क्रमाने गेलेल्यांची कपाटात सापडतात.

आणि एक स्वस्तातला उपाय, ज्याचे व्हिडिओ कुणी बनवत नाही. चांगली बॅटरी, टॉर्च हो, रुंद झोताची, संध्याकाळी हातात ठेवा, मोबाइलच्या दिव्याने भागत नाही. आरपीमध्ये उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे फार वेळ घेतात, म्हणून लोकलमधून उतरल्या उतरल्या चालायला लागू नका, खांबाजवळ कडेला थांबा, गर्दी जाऊ दे. दिवसा उन्हाने डोळे दिपत असतील तर टोपी आणि पिवळ्या-तपकिरी काचांचा चष्मा, पण तो लो व्हिजन क्लिनिकमध्ये, म्हणजे कमी दिसणाऱ्यांच्या दवाखान्यात, लावून बघून घ्या. तिथेच मान आणि डोळे फिरवत समोरचा पट्टा कसा चाचपत जायचा हेही शिकवतात, उरलेल्या २० अंशांचा तो खरा वापर. प्लॅटफॉर्मच्या कडेला बऱ्याच स्टेशनांवर उठावाच्या ठिपक्यांच्या फरश्या असतात, ठिपके म्हणजे थांबा, लांब पट्ट्या म्हणजे चला. जपानमध्ये मियाके नावाच्या गृहस्थांनी काढलेल्या, १९६७ पासून वापरात आहेत. पायाला त्या ओळखायची सवय लावा, एक ठिपक्यांची ओळ कधीतरी रुळांपासून वाचवेल.

आता ऑफिस. मला वाटतं खरी भीती इथे आहे आणि काठीचं नाव उगाच पुढे येतंय. नोकरी जाईल असं वाटतंय ना? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० बघा, त्याचा चौथा भाग. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही, आहे ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर आणि सवलतींवर दुसऱ्या कामावर घ्यावं लागतं. त्याच कायद्यात नजरेचा घेर ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर त्याला अल्पदृष्टी म्हटलंय, तुम्ही सरळ त्यात बसता. फक्त हे सगळं कागदावर असावं लागतं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आणि तुम्ही लपवताय तोवर कागद होत नाही, उद्या काही चूक झाली, फाइल पडली, धडक बसली तर तुमच्या बाजूने बोलायला काहीच नाही. कार्ड झालं की लोकलच्या दिव्यांग डब्यात चढता येईल, काही स्टेशनांवर तो डबा जिथे येतो तिथे बीप बीप आवाज लावलेला असतो. ४० टक्के किंवा जास्त निघाले तर प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते. खासगी नोकरीवाल्या वाचकांनी मात्र कलम २० चा हा भाग आपल्याला लागू धरू नये, आधी सल्ला घ्यावा. आणि कमी उत्पन्नवाल्यांनी काठी विकत घेण्याआधी केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी करावी, साधनं मोफत किंवा अर्ध्या किमतीत मिळतात, उत्पन्नाची मर्यादा आहे.

साहेबांना सांगताना लांबण लावू नका. कुठलं काम येतं, काय लागतं (टेबलाची जागा उजेडाची, हिवाळ्यात अर्धा तास लवकर निघायची मुभा) एवढं सांगा, शक्यतो लेखी.

बायकोला सांगा, आणि ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्या सगळ्यांना, मागून दंड धरून ढकलत न्यायचं नाही. तुम्ही त्यांचं कोपर धरायचं, त्या अर्धं पाऊल पुढे, त्यांचं अंग वर-खाली झालं की पायरी तुम्हाला आपोआप कळते, तोंडाने "सांभाळ सांभाळ" ओरडायची गरज राहत नाही. सांभाळ म्हणजे नक्की काय करू हे त्या माणसाला कळतच नाही, तो फक्त जागच्या जागी आखडतो.

मुलीला मात्र काठी दिसायच्या आधी सांगा, शाळेत दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. बायको सोबत असू दे. हा आजार आनुवंशिक असतो, त्यामुळे मुलीची तपासणी कधी, कशी, हे तुमच्या रेटिनाच्या डॉक्टरांनाच विचारा, मी त्यात पडत नाही.

पहिल्यांदा काठी उघडाल तेव्हा डोंबिवलीत नका उघडू. मुलुंडला उतरा, नाहीतर दादरला, जिथे कुणी ओळखत नाही, बायकोला दहा पावलं मागे ठेवा आणि तासभर चाला. ओळखीच्या गल्लीत नंतर. आणि सिव्हिलला प्रमाणपत्रासाठी जाताना फील्ड टेस्टचा (नजरेचा घेर मोजतात ती) रिपोर्ट जुना असेल तर नवा करूनच जा, झेरॉक्सचे दोन सेट न्या, तिथलं मशीन नेमकं त्या दिवशी बंद असतं.